आठ जणांचा श्वास

वैशाख लागला की आमच्या कॉलेजात आत परीक्षा सुरू होतात आणि बाहेर वराती. जळगावच्या दुपारी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही, पण नवरदेव आणि परीक्षार्थी यांना ती सवलत नसते. दोघंही घामाघूम, आणि दोघांच्याही मागे नातेवाइकांच्या अपेक्षांची मिरवणूक.

परवा मी पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभी होते. पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता. पेपरातला पहिला प्रश्न दरवर्षीचाच: क्लास आणि ऑब्जेक्ट यांतला फरक उदाहरण देऊन स्पष्ट करा. साठच्या साठ मुलं मोटारीचं उदाहरण लिहिणार हे मला ठाऊक होतं. मोटार कशी असावी याचा आराखडा म्हणजे क्लास, आणि त्यावरून घडून दारात उभी राहिलेली पांढरी मोटार म्हणजे ऑब्जेक्ट. असोद्याहून एका मोटारसायकलवर तिघं बसून येणारी मुलंही मोटारच लिहितात, कारण पुस्तकात मोटार आहे आणि वर्गात मीही वर्षानुवर्षं मोटारच शिकवत आले. आजवर इतक्या मोटारी तपासल्यात की आरटीओनं मला पेन्शन द्यायला हरकत नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून बँड गेला. मुलांच्या माना खालीच राहिल्या. मी मात्र खिडकीशी गेले आणि मोजू लागले, फुंकणारे किती आहेत. दोन होते. बाकी सगळं काम गाडीवरच्या भोंग्यांनी अंगावर घेतलं होतं. ही मोजायची सवय मला काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका वैशाखात लागली. ते वर्ष उज्ज्वलाचं.

उज्ज्वला शेवटच्या वर्षाला होती. धरणगावहून रोज एसटीनं यायची, तिसऱ्या बाकावर बसायची आणि शंका विचारायची नाही. अशा मुलांबद्दल आम्ही प्राध्यापक दोनच अंदाज करतो, त्यांना सगळं समजलं असेल किंवा काहीच नसेल, आणि दोन्ही बाबतींत आपण काही करायची गरज नाही असं ठरवून मोकळे होतो. त्या वर्षी प्रोजेक्टसाठी सगळ्यांना चेहऱ्यावरून हजेरी घेणारं यंत्र करायचं होतं. म्हणजे जी मुलं वर्गात येत नव्हती, तीच हजेरीचं यंत्र बनवत होती. उज्ज्वला माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "मॅडम, मला बँड करायचाय."

"कसला बँड?"

"लग्नातला. नानांचा."

नाना म्हणजे तिचे वडील. धरणगाव आणि आजूबाजूच्या गावांत त्यांना नाना मास्तर म्हणत. तीस वर्षं त्यांचा बँड होता, आठ फुंकणारे आणि वर ढोल-ताशे. नाना क्लॅरिनेट वाजवायचे. बँड हळूहळू विरघळत गेला होता. कुणी सुरतेला गेलं, कुणी दुकान टाकलं. उरलेल्या तिघांवर नाना सुपाऱ्या निभावत होते. त्या संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी त्यांच्या तोंडावरून वारं गेलं. डावी बाजू लोंबली, ओठ मिटेना. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. क्लॅरिनेटबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत, आणि विचारायचा धीर कुणाला झाला नाही.

"तेव्हापासून ते बोलत नाहीत, मॅडम. घराबाहेर पडत नाहीत. तोंडाला रुमाल बांधून खाटेवर बसतात, भिंतीकडे तोंड करून. घरात कुणी रुमाल बांधतं का?" ती म्हणाली. "मला मार्कांचं नंतर बघता येईल. ते बोलले पाहिजेत."

मार्कांचं आधी बघायचं असतं, असं मी तिला म्हणाले. मास्तरकीत अशी वाक्यं आपोआप येतात.

नानांचं तोंड पुढे बरंच सुधारलं. क्लॅरिनेट मात्र पुन्हा वाजली नाही. हे आताच सांगून टाकते, म्हणजे कुणी शेवटी चमत्काराची वाट पाहत बसणार नाही.

आवाज घडवण्यासाठी संगणकाच्या वेगळ्या भाषा असतात, हे मलाही तेव्हा ऐकूनच ठाऊक होतं. उज्ज्वलाच्या निमित्तानं मी त्या वाचल्या. जुन्या भाषांत एक यादी असायची: अमुक सूर, अमुक वेळी सुरू, इतका वेळ टिकेल. म्हणजे सूर जन्मतानाच त्याच्या मरणाची वेळ लिहून ठेवलेली, सटवाईनं कपाळावर लिहावी तशी. नंतर ज्या भाषा आल्या त्यांत सूर हा एक ऑब्जेक्ट झाला. त्याला आपण फक्त निरोप द्यायचा, सुरू हो. मग केव्हातरी दुसरा निरोप द्यायचा, थांब. पण थांबायचं कसं, एकदम की रेंगाळत, हे तो सूर स्वतः ठरवतो. त्याच्या पोटात काय आहे ते बाहेरच्यानं विचारायचं नाही. मी बावीस वर्षं ऑब्जेक्ट शिकवत होते, पण ही गोष्ट इतकी सुसंस्कृत आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. मोटारीच्या उदाहरणातून ते जाणवणं अवघडच. मोटारीला थांब म्हटलं की ती थांबावी एवढीच आपली इच्छा असते.

उज्ज्वलानं चैत्रभर काम केलं. 'फुंकणारा' नावाचा एक क्लास लिहिला, त्याच्यापासून क्लॅरिनेटवाला आणि ट्रंपेटवाला असे दोन काढले, आणि त्यांच्यावरून आठ जण घडवले. पाच क्लॅरिनेट, तीन ट्रंपेट. आवाज ऐकून मला खरंच कौतुक वाटलं. मी म्हणाले, चल, तुझ्या वडिलांना ऐकवू. मनात आलं, आता म्हातारा रडेल, मिठी मारेल आणि मी साक्षीला असेन. आम्ही शिकलेले लोक दुसऱ्याच्या घरी जाताना सोबत शेवटही घेऊन जातो.

धरणगावला त्यांचं घर एका जिनिंगच्या मागच्या गल्लीत होतं. हंगाम संपल्यानं जिनिंग बंद होतं, तरी कुंपणाच्या तारांना कापसाचे पुंजके चिकटून होते. अंगणात उज्ज्वलाची आई, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, ती ओल्या धडप्यांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवायचे पापड, थापत होती. नाना आत खाटेवर. निळा रुमाल नाकापासून हनुवटीपर्यंत. बँडचा लाल कोट खिळ्याला लटकत होता, खांद्यावर सोनेरी झिरमिळ्या, छातीवर कुठल्याही लढाईत न मिळालेली पदकं. त्या कोटाला हसायचा अधिकार मला नव्हता. पदवीदानाच्या दिवशी आम्ही जे झगे घालतो ते आणि हे कोट एकाच दुकानातून भाड्यानं येतात असा मला जुना संशय आहे.

उज्ज्वलानं लॅपटॉप उघडून आधी एकच क्लॅरिनेट वाजवली. नानांनी मान वळवली नाही. मग तिनं आठही जण सुरू केले. अर्धं मिनिट गेलं.

"बंद कर," रुमालातून आवाज आला.

अंगणात अक्काचा हात बिबड्यावर थांबला. चार महिन्यांनी नाना बोलले होते.

"काय व्हयनं, नाना?"

"हाऊ एकच मानूस शे. त्याले आठ तोंडे लायेल शेतस."

"नाना, आठ शेतस. मोजी ल्या."

"मोजीसन काय करू? बठ्ठा एकदमच दम लेतस." नाना आता वळून बसले होते. "आठीस्नी एकदम दम लिधा ते वरात जागावरच बसी जाई."

मी उज्ज्वलाच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि मला लाज वाटली, कारण ती चूक मी आधीच पकडायला हवी होती. श्वास तिनं क्लासमध्ये लिहिला होता. म्हणजे आठ जणांत मिळून एकच फुफ्फुस. सुराचा बारीक थरथराटही सगळ्यांना सामाईक. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. आठदा लिहायचं ते एकदा लिहिलं. आम्ही अशा नीटनेटकेपणाला मार्क देतो.

नानांनी मग बँडची रीत सांगितली. फुंकणारे ओळीत उभे राहतात. शेजारी दम घेतो तेव्हा आपण धरायचं, तो आला की आपण घ्यायचा. कुणी कुणाला खूण करत नाही. शेजाऱ्याच्या खांद्याकडे लक्ष ठेवायचं. दम घेण्याआधी खांदा किंचित वर जातो. त्यामुळे आठ माणसं थकतात, पण सूर थकत नाही. "लोकेस्ले वाटस, या मानसे का भोंगा?" ते म्हणाले. रुमालाच्या वर डोळे बारीक झाले होते.

उज्ज्वलानं तिथंच बसून श्वास क्लासमधून काढला आणि एकेका ऑब्जेक्टच्या पोटात ठेवला. त्यातला प्रत्येक जण आता शेजाऱ्याला निरोप पाठवायचा, तू दम घेतोयस का? नाही असं उत्तर आलं तरच स्वतः घ्यायचा. पुन्हा वाजवलं. नाना म्हणाले, "आते आठ व्हयनात. पन कोन शेतस हाई? माले वळखू येत नही."

पुढच्या दोन रविवारी मी धरणगावला गेले ते प्रोजेक्टसाठी, असं मी घरी सांगितलं. माझं माहेर शिंदखेड्याकडचं. ही बोली माझीही, पण प्राध्यापक झाल्यापासून ती मी जिभेच्या मागच्या खोलीत ठेवून दिली होती. तिथं ती आपोआप बाहेर आली. नाना सांगायचे, उज्ज्वला लिहायची, मी चहा प्यायचे. ते आपल्या माणसांचे गुण सांगत नव्हते. एकेकाच्या खोडी सांगत होते.

"शांतारामना सूर कायम चढा. लगीन कोनंबी ऱ्हावो, घाई त्यालेच."

शांताराम आता सुरतेला साड्यांच्या दुकानात घड्या घालतो. उज्ज्वलानं त्याचा सूर एका केसानं चढवला.

"यादव उशिरा. दर ओळीले उशिरा. पन सोडस बी उशिरा, म्हनीसन बाकीनास्नं उघडं पडत नही."

हिरामणचा पुढचा दात पडला होता. त्याच्या सुरातून वारा फुसफुसायचा. हिरामण आदल्या वर्षी वारला होता. उज्ज्वला आकडा वाढवत गेली, नाना कान देऊन ऐकत होते.

"आखो थोडं. आखो. बस, बस! इतलं नही. मरी जायेल मानूसले इतलं नाव ठेवू नही."

सुधारणेच्या नावाखाली आपण माणसांच्या ज्या गोष्टी काढून टाकायला बघतो, त्यांच्यावरूनच ती माणसं ओळखू येतात, ही गोष्ट मी अनेक व्याख्यात्यांच्या तोंडून शाल-श्रीफळासह ऐकली आहे. ती ऐकून मला दरवेळी जांभई आली. त्या रविवारी एका फुसफुशीवर बापलेक अर्धा तास वाद घालत होते, आणि जांभई आली नाही. गेलेल्या हिरामणला नाना आकड्यांनी मोजून परत उभं करत होते असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. ते नुसते बँड मास्तरचं काम करत होते. तालीम घेत होते. चार महिन्यांनी त्यांना तालमीला माणसं मिळाली होती, आणि ती माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती.

रुमाल मात्र सुटला नव्हता. माझ्यासमोर तर नाहीच. चहा ते मी गेल्यावर घेत.

सात जण झाले. दुसऱ्या रविवारची संध्याकाळ होती. अक्का दारात बसून वाळलेले बिबडे सोडवत होती.

"नाना, आते तुमनं सांगा," उज्ज्वला म्हणाली. "आठवा तुम्ही."

"मनं काय? मी मास्तर शे."

म्हणजे त्यांना खोड नाही. मी हसू दाबलं. मास्तर मीही आहे, आणि माझंही तेच मत आहे.

"मी सांगू का?" दारातून अक्का म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं, मीही नाही.

"उज्ज्वलाना बाप बिदाईले वाजाडतच नही."

"माय, काहीबी!"

"काहीबी काय? नवरी गाडीमा बसाले लागनी का हाऊ मानूस नुसता क्लॅरिनेट तोंडले लायीसन उभा ऱ्हास. गाल फुगाडस, बोटे हालाडस. सूर बाकीनास्ना. याना नहीच."

"तुले काय समजस?" नाना म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"तीस वरीस देखी ऱ्हायनू. बायास्मा उभी ऱ्हास मी, तुमना सूर माले वळखू येत नही का? आठमा नही, ऐंशीमा बी येई." तिनं एक बिबडा मोडला आणि अर्धा माझ्या हातात दिला. "खा, मॅडम. आते वाळनात."

नाना खाटेवरून तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "हाई तुले ठाऊक व्हतं?"

"माले ठाऊक व्हतं. माले ठाऊक शे हाई तुमले ठाऊक नव्हतं."

रुमाल हलला. आतून कसलासा आवाज आला, तो हसण्याचा असावा. मी लग्नाला तेवीस वर्षं झालेली बाई, बिबडा चावत त्या दोघांकडे बघत होते. माझ्या घरी माझा सूर किती जणांत ओळखू येईल, याचा हिशेब मी केला नाही.

"लिखी ले," नाना लेकीला म्हणाले. "आठवा बिदाईले वाजाडत नही."

उज्ज्वलानं लिहिलं. निरोप सगळ्यांना एकच जातो, बिदाईची धून वाजव. सात जण आपापल्या परीनं वाजवतात. आठवा निरोप घेतो, दम घेतो, खांदा वर करतो, आणि आवाज काढत नाही. वर्गात मी हे वेगळ्या, लांबलचक नावानं शिकवते: एकच निरोप, ज्याचं त्याचं वेगळं उत्तर.

वैशाखाच्या शेवटी प्रोजेक्टची परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक मोठ्या शहरातून येणार होते, म्हणून आमच्याकडे जमिनीला फिनेल आणि कुंड्यांना गेरू लागला. परीक्षकांना गुच्छ दिला. गुच्छ देणारे आणि घेणारे असे दोघंही फोटोवाल्याकडे बघत होते. सकाळपासून त्यांनी चेहऱ्यावरून हजेरी घेणारी सहा यंत्रं पाहिली. त्यांतल्या दोन यंत्रांनी त्यांचीही हजेरी घेतली नाही.

उज्ज्वलाची पाळी दुपारी आली. प्रयोगशाळेच्या मागच्या बाकावर कोणीतरी येऊन बसलं होतं. निळा रुमाल. धरणगावहून एसटीनं, भर उन्हात, एकटे. उन्हाळ्यात जळगावात निम्मं गाव दरोडेखोरांसारखं तोंड बांधून फिरतं, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्यांना तसंच हवं होतं. मी त्यांना आत बसू दिलं हे नियमाला धरून नव्हतं.

वरातीची धून झाली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. बिदाईची धून झाली. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. खरं सांगायचं तर माणूस हुशार होता. नेमकी जागा त्यानं पहिल्या नजरेत पकडली.

"हा आठवा ऑब्जेक्ट शेवटच्या भागात काहीच आउटपुट देत नाही."

"हो सर."

"मग काढून टाका. निरुपयोगी कोड आहे. चांगल्या डिझाइनमध्ये काम न करणारी वस्तू ठेवत नाहीत."

"सर, तो दम घेतो. त्याचा शेजारी त्याला विचारूनच दम घेतो. त्याला काढलं तर बाकीच्यांचा श्वास बदलतो."

"ते एका ओळीत दुरुस्त होईल. पण जो वाजवतच नाही त्याला बँडमध्ये ठेवण्याचं लॉजिक काय? हे मला समजावून सांगा, नाहीतर डिझाइनचे मार्क मी देऊ शकणार नाही."

उज्ज्वलानं माझ्याकडे पाहिलं. मला बोलायचा अधिकार नव्हता. ती काही म्हणणार एवढ्यात मागचा बाक सरकला.

नाना उभे होते. हात डोक्यामागे गेला. गाठ सुटेना, घामानं घट्ट झाली होती. मग त्यांनी रुमाल तसाच गळ्यात ओढला. डावीकडचा ओठ अजून खाली होता. प्रयोगशाळेतली सगळी मुलं वळून बघत होती.

"साहेब, तो आठवा मी शे."

परीक्षकांना काही कळलं नसावं. त्यांनी चष्मा काढला. "आपण?"

"मी हिना बाप. बँड मास्तर." शब्द एका बाजूनं निसटत होते, तरी ते थांबले नाहीत.

परीक्षकांचा आवाज थोडा खाली आला. "मग वाजवत का नव्हता, काका?"

नानांनी लेकीकडे पाहिलं. त्याच आठवड्यात तिला पुण्यातल्या नोकरीचं पत्र आलं होतं.

"ज्यानी पोर जास तो रडस, साहेब. वाजाडनाराले रडाले कोन बलावस? पन रडता रडता फुकता येत नही."

परीक्षकांनी उज्ज्वलाला सांगितलं, शेवटची धून पुन्हा एकदा लावा. ती पूर्ण होईपर्यंत त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. किती मार्क दिले ते मी सांगणार नाही. गोपनीय असतात, आणि मला ते आता आठवतही नाहीत.

बाहेर आल्यावर मी नानांना कँटीनमध्ये नेलं. परीक्षेचे दिवस, सगळी टेबलं भरलेली. दोन मुलांनी उठून जागा दिली. नानांनी रुमाल गळ्यातच ठेवला. चहा बशीत ओतला, उजव्या कोपऱ्यानं ओढला. डावीकडून थोडा सदऱ्यावर सांडला. समोरची पोरं बघत होती. नानांनी हाताच्या मागच्या बाजूनं तोंड पुसलं, बशी खाली ठेवली आणि काउंटरकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, आखो एक आन. साखर टाक यामा."